खाट रिकामी राहिली, तर रोज कोणाचा बुडावा?

प्रश्न : मी जी.एन.एम. परिचारिका असून एका एजन्सीमार्फत नांदेडच्या डॉक्टर लेनमधील आणि प्रसंगी लातूरच्या खाजगी दवाखान्यांत काम करते. जितक्या ड्युट्या भरतील तितकाच पगार. उन्हाळ्यात पेशंट कमी झाले की "सिस्टर, उद्या येऊ नका" असा रात्री निरोप येतो. कधी कामावर हजर झाल्यावर दोन तासांनी परत पाठवतात. दुसरीकडे जादा ड्युटी शोधावी, तर करारनाम्यात "अन्यत्र काम करणार नाही" असे कलम आहे. मी काय करावे?
— एक परिचारिका, नांदेड

उत्तर : आपल्या कैफियतीत दोन भिन्न प्रसंग एकत्र झाले आहेत, आणि कायदा त्यांचा निवाडा निरनिराळा करतो. कामावर रुजू झालेल्या परिचारिकेस रुग्ण नाहीत या सबबीवर मध्येच परत पाठवले, तर जिच्या किमान वेतनाचा दर रोजाच्या हिशेबाने ठरलेला आहे तिला त्या संपूर्ण दिवसाचे वेतन मिळाले पाहिजे. हे तत्त्व १९४८ च्या किमान वेतन अधिनियमाच्या १५ व्या कलमात होते आणि २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आलेल्या वेतन संहितेच्या १० व्या कलमातही ते कायम आहे. परंतु आदल्या रात्रीच "येऊ नका" असे कळवले, तर हे कलम आपल्या साहाय्यास येत नाही. आणि काम नसल्यामुळे बसवून ठेवलेल्या कामगारास अर्धा पगार देणारी जी तरतूद आहे, ती कारखाने, खाणी व मळे यांच्यापुरती असल्याने रुग्णालयाच्या दारापर्यंत पोहोचत नाही. निरोप रात्रीच का येतात, हे त्यावरून उमगावे.

म्हणून जादा ड्युटीच्या शोधास लागण्यापूर्वी हाती असलेल्या ड्युटीचा दस्तऐवज सुधारून घ्यावा, असे माझे मत आहे. अमेरिकेत गावोगाव फिरून काम करणाऱ्या परिचारिकांचे करार बहुधा १३ आठवड्यांचे असतात आणि त्यांत दर आठवड्याच्या किमान तासांची हमी पुष्कळदा लिहून घेतलेली असते. आपल्या एजन्सीकडे महिन्याच्या किमान ड्युट्यांची अशीच लेखी हमी मागण्यास कोणता प्रत्यवाय आहे? ती मिळाली, तर अन्यत्र काम न करण्याची अटही न्याय्य ठरेल. नोकरी चालू असेतोवर अशी अट सामान्यतः वैध असते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९६७ साली गोलिकरी खटल्यात दिला. मात्र अतिशय जाचक किंवा एकतर्फी करारांचा अपवादही त्याच निर्णयात आहे, आणि कामाची हमी न देता माणसास बांधून ठेवणे याहून एकतर्फी ते काय असावे! नोकरी सोडल्यानंतर मात्र १८७२ च्या करार अधिनियमाचे २७ वे कलम आपल्याच बाजूने उभे राहते. तूर्त एजन्सीकडे एक अर्ज देऊन, ज्या दिवशी काम नाही त्या दिवसापुरती अन्यत्र काम करण्याची लेखी परवानगी मागावी आणि अर्जाच्या नकलेवर पोच घ्यावी.

आता ड्युट्या कोठे शोधाव्यात? लग्नसराईत आणि पेरणीच्या दिवसांत जी शस्त्रक्रिया टळण्याजोगी असते ती कुटुंबे सोयाबीनचे पैसे हाती येईपर्यंत लांबवतात, हे आपणांस मजहून अधिक ठाऊक असेल; परंतु डायलिसिसच्या रुग्णास आठवड्यातून दोन-तीन वेळा यावेच लागते, त्यास ना लग्नसराई ना पेरणी. तेव्हा डायलिसिस, नवजात शिशूंचा अतिदक्षता विभाग किंवा केमोथेरपी यांचा अनुभव ज्या परिचारिकेस आहे तिच्या पाळ्या ऋतूवर फारशा अवलंबून राहत नाहीत. सरकारी रुग्णालयांत गर्दी असते आणि जागाही रिक्त असतात हे खरे. ऑक्टोबर २०२३ मध्ये नांदेडजवळच्या विष्णुपुरी येथील शासकीय रुग्णालयात झालेल्या अनेक रुग्णांच्या मृत्यूंनंतर मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन शासनाकडे रिक्त जागांचा हिशेब मागितला होता. पण तेथील कंत्राटी नेमणूक पूर्णवेळेची असते. फावल्या दिवसाची पाळी म्हणून तिच्याकडे पाहू नये. लातूर जिल्ह्यातील उदगीरहून कर्नाटकातील बिदर जवळ असले, तरी तेथे काम करावयाचे तर महाराष्ट्र परिचर्या परिषदेची नोंदणी पुरत नाही, कर्नाटकाचीही लागते.

जादा तासांच्या दुप्पट दरात एक खोच आहे. दोन स्वतंत्र मालकांकडील तास एकत्र जोडून तो मागता येत नाही. परंतु तीच एजन्सी आपणांस सकाळी एका दवाखान्यात आणि रात्री दुसऱ्यात पाठवीत असेल, तर वेतन देणारा मालक एकच ठरतो आणि डबल ड्युटीचा हिशेब त्याच्याच माथी बसतो. हजेरीपटाचा फोटो रोज काढून ठेवावा.

आणखी एक बाब आपण विचारली नाही, परंतु ती पगाराइतकीच महत्त्वाची आहे. आपले वेतन मासिक २१,००० रुपयांच्या आत असून ई.एस.आय.ची वर्गणी कापली जात असेल, तर आजारपणाच्या लाभासाठी सहा महिन्यांच्या वर्गणीकाळात किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते; रुग्ण रोडावल्याने ड्युट्या घटल्या की ही संख्या नकळत खाली येते. जादा काम देणाऱ्या रुग्णालयासही आपला तोच विमा क्रमांक द्यावा, म्हणजे निरनिराळ्या ठिकाणचे दिवस एकाच खाती जमा होतील. आणि एप्रिलपासूनचा वर्गणीकाळ सप्टेंबरअखेर संपत असल्याने, ऑगस्टमध्येच आपले भरलेले दिवस तपासून पाहावेत.