काजळीचा आकडा

‘घरात गॅस आहे, मग धूर कुठला?’ असे बरेच जण विचारतात. पण सिलिंडर आला तरी अंघोळीचा बंब लाकडांवरच पेटतो आणि महिनाअखेरीस सरपण बाहेर निघतेच. (चुलीवरच्या भाकरीची चव तर डॉक्टरलाही नाकारता येत नाही.) धूर नुसत्या डोळ्यांनी जोखू नका, डोळे सरावतात. तो मोजा, आणि त्याला लाखाचे यंत्र लागत नाही. नित्या रामनाथन आणि सहकाऱ्यांनी २०११ मध्ये मांडलेली रीत पाहा. छोट्या पंपाने हवा पांढऱ्या फिल्टरमधून ओढायची. फिल्टर आधी करडा होतो, मग काळपट. शेजारी छापील छटांची पट्टी ठेवून मोबाइलने फोटो काढायचा. उजेड कमीजास्त असला तरी पट्टीवरही तोच पडलेला असतो, त्यामुळे संगणकाला छटा जुळवून काजळीचा अंदाज बांधता येतो.

बाजारातली स्वस्त यंत्रे मात्र कणांवरून विखुरणारा प्रकाश मोजतात, आणि काजळी तर प्रकाश गिळते. पावसाळ्यात कण ओलाव्याने फुगले की आकडाही फुगतो. मग भरवसा कसा ठेवायचा? सुट्या आकड्यावर ठेवूच नका. तेच यंत्र त्याच जागी, चुलीपुढे बसणाऱ्या बाईच्या नाकाच्या उंचीवर ठेवा. चूल पेटण्याआधी, पेटल्यावर आणि खिडकी उघडल्यावर नोंद करा. यातला फरक कामाचा. घडीभर चढलेला आकडा जागतिक आरोग्य संघटनेच्या १५ मायक्रोग्रॅमशी ताडू नका. ती पीएम २.५ म्हणजे हवेतल्या अतिसूक्ष्म कणांच्या २४ तासांच्या सरासरीची मर्यादा आहे.

धुराडे बसवले की मोजायची गरज उरत नाही, हाही समजच. ग्वाटेमालात धुराड्याच्या चुली देऊन केलेल्या चाचणीचे निष्कर्ष २०११ मध्ये आले. बाळांच्या वाट्याला येणारा धूर सुमारे निम्म्यावर आला आणि गंभीर न्यूमोनिया घटला; पण एकूण न्यूमोनियातली घट संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरली नाही. उरलेला निम्मा धूर आजारी पाडायला पुरेसा होता, असे मी त्यातून समजतो. म्हणून धुराडे बसवल्यावरही नोंद घ्या आणि ती वही तपासणीला घेऊन या. आकडा उतरला तरी, कधी विडी न ओढलेल्या बाईला जिना चढताना धाप लागत असेल किंवा खोकला दोन आठवड्यांहून जास्त टिकला असेल, तर थुंकीच्या तपासणीबरोबर स्पायरोमेट्री, म्हणजे फुप्फुसांची चाचणीही करून घ्या. त्यात सुई नाही, नळीत जोराने फुंकायचे असते.