नवीन कॉम्प्युटरवर विंडोज टाकताना अडकलात? ‘क्लीन’ टाइप करायच्या आधी हे वाचा



मागच्या व्हिडिओत आपण दुकानासाठी पहिला कॉम्प्युटर कोणता घ्यायचा ते बघितलं. त्यानंतर दोघा-तिघांनी फोन करून एकच गोष्ट विचारली. “सर, कॉम्प्युटर तर घेतला, पण विंडोज टाकताना मधातच अडकते. काय करू?”

आज त्याचं उत्तर देतो. पण आधी माझी स्वतःची चूक सांगतो, कारण ती मला स्वस्तात पडली नाही.

माझं दुकान दिघोरीत आहे. झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म, थोडी स्टेशनरी. जुना कॉम्प्युटर फार हळू चालायला लागला म्हणून मी नवीन घेतला. विंडोज नसलेला घेतला, तेवढे पैसे वाचले. आत ५१२ जीबीची नवीन एसएसडी होती. जुन्या कॉम्प्युटरमधली ५०० जीबीची हार्ड डिस्क काढून मी त्याच कॅबिनेटमध्ये जोडली. विचार असा की विंडोज नवीन एसएसडीवर टाकू आणि डेटा जुन्या डिस्कवर आहे तसा राहू देऊ. त्या जुन्या डिस्कवर तीन वर्षांची उधारीची एक्सेल फाइल होती. बॅकअप? “रविवारी घेऊ” म्हणता म्हणता राहिला होता.

रात्री दुकान बंद करून पेनड्राइव्ह लावला. इन्स्टॉलेशन सुरू झालं. डिस्क निवडायच्या स्क्रीनवर ‘ड्राइव्ह ०’ दिसली, साइज ४६५ जीबी. मी म्हटलं ५१२ ची डिस्क नेहमी थोडी कमीच दाखवते, हीच असेल. तिच्यात आधीच पार्टिशन दिसत होते, तर वाटलं दुकानदाराने टेस्टिंगसाठी केले असतील. निवडली आणि एरर आला: या डिस्कवर एमबीआर पार्टिशन टेबल आहे, इथे विंडोज टाकता येणार नाही.

मोबाइलवर शोधलं. एका मिनिटात उपाय सापडला. डिस्कपार्ट उघडा, डिस्क निवडा, ‘क्लीन’ टाइप करा. मी केलं. एरर गेला. पुढच्या बटणावर बोट ठेवणार, तेवढ्यात बाजूला बसलेला लहान भाऊ म्हणाला, “दादा, डिस्क दोन आहेत ना? मग इथं एकच कशी दिसते?”

मी जी साफ केली ती जुनी डिस्क होती. नवीन एसएसडी त्या यादीत आलीच नव्हती.

नेमकं काय झालं होतं?

हे नीट समजून घ्या.

पहिली गोष्ट, साइज. कंपनी जीबी मोजते हजाराच्या हिशोबाने, विंडोज मोजते १०२४ च्या हिशोबाने. म्हणून ५०० ची डिस्क साधारण ४६५ दिसते आणि ५१२ ची साधारण ४७६. हे दोन आकडे पाठ असते तर मी तिथेच थांबलो असतो.

दुसरी गोष्ट, एसएसडी का दिसली नाही. इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या बऱ्याच कॉम्प्युटरमध्ये बायोसमध्ये ‘व्हीएमडी’ नावाची सेटिंग चालू असते. ती चालू असेल तर विंडोजच्या इन्स्टॉलरला एसएसडीपर्यंत पोहोचायला वेगळा ड्रायव्हर लागू शकतो. ड्रायव्हर नसला की एसएसडी त्याच्या लेखी नाहीच.

तिसरी गोष्ट, तो एरर. नव्याकोऱ्या एसएसडीवर जुन्या पद्धतीचं एमबीआर टेबल सहसा नसतंच. म्हणजे कॉम्प्युटर मला सरळ सांगत होता की भाऊ, तू हात लावून राहिला ती डिस्क जुनी आहे. मी त्याचं ऐकलं नाही, त्याचं तोंड बंद केलं.

नशीब असं की ‘क्लीन’ कमांड पार्टिशनची नोंद पुसते, सगळा डेटा लगेच पुसत नाही. मी त्यानंतर डिस्कवर एक अक्षर लिहिलं नाही. कॉम्प्युटर बंद केला, डिस्क काढली आणि नागपूरला एका जाणकाराकडे नेली. उधारीची फाइल परत मिळाली. पण चार दिवस लागले आणि साडेतीन हजार रुपये गेले. त्या चार दिवसांत धान विकून आलेले लोक दुकानात येऊन विचारत होते, “भाऊ, माह्या खात्यात किती निघते?” आणि माझ्याकडे उत्तर नव्हतं. जो स्वतःहून पैसे द्यायला आला त्यालाच “नंतर ये” म्हणायची पाळी आली. पैशापेक्षा ते जास्त लागलं.

गाडी कुठे बंद पडली ते आधी सांगा

एसटी बंद पडली तर आपण आधी विचारतो, कुठे बंद पडली? इथेही तेच. “विंडोज पडत नाही” ही तक्रार नाही. कोणत्या टप्प्यावर अडकली ते सांगा, अर्धा उपाय तिथेच मिळतो.

टप्पा १: पेनड्राइव्हवरून सुरूच होत नाही. चालू करताना बूट मेनूची की दाबा. कंपनीप्रमाणे ती सहसा एफ ९, एफ ११ किंवा एफ १२ असते. तिथे पेनड्राइव्हचं नाव दिसत नसेल तर पेनड्राइव्ह नीट बनलेला नाही किंवा पोर्ट बदलून बघायला हवा. किमान ८ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या आणि मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या मीडिया क्रिएशन टूलनेच बनवा. फाइली नुसत्या कॉपी-पेस्ट करू नका. पेनड्राइव्ह फॅट ३२ मध्ये असेल तर त्यावर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल मावत नाही, आणि विंडोजची मुख्य फाइल बरेचदा त्याहून मोठी असते.

टप्पा २: “या कॉम्प्युटरवर विंडोज ११ चालणार नाही” असं येतं. विंडोज ११ ला किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा, यूईएफआय, सिक्युअर बूटची सोय आणि टीपीएम २.० लागतं. नवीन मशीनमध्ये हे सगळं असतं, पण टीपीएम कधी कधी बायोसमध्ये बंद असतं. इंटेलमध्ये ते ‘पीटीटी’ नावाने शोधा, एएमडीमध्ये ‘एफटीपीएम’ नावाने. बूट मोड ‘लेगसी’ असेल तर ‘यूईएफआय’ करा. कोणी म्हणेल, “मग विंडोज १० टाक ना.” तिचा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. लोकांचे आधार आणि बँकेचे कागद हाताळणाऱ्या दुकानात नवीन मशीनवर ती टाकू नका.

टप्पा ३: डिस्क दिसत नाही किंवा निवडू देत नाही. हा माझा टप्पा. डिस्क दिसत नसेल तर कॉम्प्युटर बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून आपल्या मॉडेलचा इंटेल रॅपिड स्टोरेज ड्रायव्हर घ्या, झिप उघडून पेनड्राइव्हवर ठेवा आणि त्याच स्क्रीनवरच्या ‘लोड ड्रायव्हर’ने दाखवा. किंवा बायोसमध्ये व्हीएमडी बंद करा. हे विंडोज टाकायच्या आधीच ठरवा. नंतर ती सेटिंग बदलली तर चालू विंडोजही सुरू होणार नाही. एमबीआरचा एरर आला तर आधी साइज बघा, डिस्क कोणती ते ओळखा आणि मगच पुढे जा.

टप्पा ४: कॉपी होताना ठरावीक टक्क्यावर थांबते. एरर कोडच्या शेवटी ८००७०५७० असेल तर फाइल खराब आहे किंवा वाचता येत नाही असा त्याचा अर्थ. आधी दुसरा पोर्ट, मग दुसरा पेनड्राइव्ह. तरी तेच, तर रॅमवर संशय घ्या. दोन रॅम असतील तर एक काढून करून बघा, मग दुसरी. नवीन आहे म्हणून रॅम चांगलीच असेल असं धरून चालू नका. खराब निघाली तर वॉरंटीत बदलून मिळते.

टप्पा ५: रिस्टार्ट झाल्यावर परत पहिल्यापासून सुरू होते. यात बिघाड नसतो. कॉम्प्युटर पुन्हा पेनड्राइव्हवरून सुरू होऊन राहिला आहे. पहिल्या रिस्टार्टला पेनड्राइव्ह काढून घ्या.

टप्पा ६: शेवटी इंटरनेट मागते आणि वायफाय दिसत नाही. वायफायचा ड्रायव्हर अजून आलेला नसतो. अँड्रॉइड मोबाइल केबलने जोडा, यूएसबी टेदरिंग चालू करा. काम होऊन जाते.

माझे चार नियम

१. विंडोज टाकताना जुनी डिस्क आतमध्ये ठेवायचीच नाही. केबल काढा. जी डिस्क जोडलेली नाही ती चुकून पुसली जात नाही.

२. एरर आला की मोबाइलवर फोटो काढा आणि पूर्ण वाचा. इंग्रजी जड वाटत असेल तर भाषांतर करून वाचा, पण वाचा.

३. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि वहीत लिहा. तीन गोष्टी एकदम बदलल्या तर कशाने चालू झालं ते कळत नाही, आणि पुढच्या वेळी परत शून्यापासून सुरुवात.

४. लाइटचा भरवसा नसेल तर यूपीएसशिवाय सुरू करू नका.

ज्यांना हाच धंदा करायचा आहे त्यांच्यासाठी

गावात विंडोज टाकून देणं हे चांगलं काम आहे, भांडवल कमी लागतं. पण गिऱ्हाईक तुम्हाला फक्त मशीन देत नाही. त्याच्या मुलीच्या लग्नाचे फोटो देतो, शेताचे कागद देतो. म्हणून जॉब कार्ड ठेवा. त्यावर तीन ओळी हव्यातच: मशीनमध्ये किती डिस्क आहेत, बॅकअप कुठे घेतला, आणि “डिस्क पुसायला माझी परवानगी आहे” याखाली गिऱ्हाइकाची सही. बॅकअपचे पैसे वेगळे सांगा आणि आधी सांगा. लोक देतात. फुकट केलेल्या बॅकअपमध्ये आपण घाई करतो.

आणि क्रॅक केलेली विंडोज टाकून देऊ नका, कितीही आग्रह झाला तरी. लायसन्सला पैसे नसतील तर उबुंटू किंवा सी-डॅकचं बॉस लिनक्स आहे, दोन्ही मोफत आहेत. फक्त अंगठ्याचं मशीन आणि प्रिंटर त्यावर चालतो का, ते टाकायच्या आधी तपासा.

बीबीएला आम्ही रिस्क मॅनेजमेंट शिकलो होतो. पेपरात मार्क चांगले पडले होते. ते खरं समजलं त्या रात्री, भावाच्या एका प्रश्नाने.

आजचा गृहपाठ छोटा आहे. तुमची उधारीची फाइल ज्या डिस्कवर आहे, तिची एक कॉपी आज दुकान बंद करायच्या आधी पेनड्राइव्हवर घ्या आणि तो पेनड्राइव्ह घरी न्या. रविवारची वाट बघू नका.

भेटू पुढच्या व्हिडिओत.