शौकाच्या शेळ्या आणि आयकर

हिंगोली, वसमत, कळमनुरीकडे नोकरी सांभाळून दारात दोन-चार उस्मानाबादी शेळ्या बाळगणारे पुष्कळ आहेत. पिल्लू घ्यायचे, पाला-चारा घालून वाढवायचे, बकरी ईदच्या बाजारात विकायचे. हे उत्पन्न शेतीचे, म्हणून करमाफ, असे आम्ही दुकानाच्या गादीवर बसून नेहमी ऐकतो. हा समज चुकीचा आहे. जमिनीची मशागत नाही तर शेतीचे उत्पन्न नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने 1957 सालीच ठरवून दिले. चारा स्वतःच्या शेतातला असला तरी बकऱ्याचा नफा धंद्याचाच.

घरच्या कुर्बानीसाठी पाळलेल्या जनावराचा प्रश्नच नाही. विक्री नाही, तेथे उत्पन्न कसले? पण दरसाल विकत असाल तर नफा पगारात मिळवून दाखवावा लागतो, आणि पगारदारांचा ‘सहज’ फॉर्म मग चालत नाही. जमाखर्च ठेवणे जमत नसेल तर अंदाजित नफ्याची सोय आहे. समजा, 60,000 रुपयांची रोख विक्री झाली, तर निदान 8 टक्के, म्हणजे 4,800 रुपये नफा धरायचा. पैसे बँकेमार्फत आले तर 6 टक्के. खरा नफा जास्त असेल तर तोच दाखवावा.

रोग येऊन शेळ्या मेल्या, तर? तो तोटा पगारातून वजा होत नाही. विवरणपत्र मुदतीत भरलेले असेल तरच पुढील आठ वर्षांत धंद्याच्या नफ्यातून वजा करता येतो, आणि त्यासाठी मात्र वही लागतेच : खरेदीची तारीख, किंमत, चारा, डॉक्टरचा खर्च.

घरात कोणी सरकारी नोकर असेल तर त्याने विक्रीचा धंदा सुरू करण्याआधी 1979 चे महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम पाहावेत. खाजगी व्यापाराला पूर्वपरवानगी लागते.