हिशोब चाकापासून मांड

ट्रॉय, मिशिगन

चि. छोट्यास,


तुझा हिशोबाचा कागद दोनदा वाचला. एकूण 15,000 डॉलर. त्यातले 9,500 नव्याकोऱ्या एलएस-3 इंजिनाला, आणि बाकी सगळ्याला मिळून एकच ओळ: ‘इतर’. छोट्या, तुझा ट्रक या ‘इतर’मध्येच अडकेल. माझा अडकला होता. इकडे आल्यावर काही वर्षांनी मीही एक जुना फोर-बाय-फोर घेतला आणि जवळचे सगळे पैसे इंजिनात घातले. इंजिन बसलं, पण रेडिएटर, इंधनपंप, एक्झॉस्ट यांना काही उरलं नव्हतं. दोन हिवाळे तो लाकडी ठोकळ्यांवर उभा होता. तिसऱ्या वर्षी निम्म्याहून कमी पैशांत विकला. तुझी मामी तो विषय कधीच काढत नाही, आणि तेच मला जास्त लागतं.

आधी सांग, ट्रक कशासाठी हवाय? रुबिकॉन ट्रेलसाठी ना? मग तिथे माणसाच्या चालीनं जायचंय, ग्रॅनाइटच्या धोंड्यांवरून. एलएस-3 चे 430 हॉर्सपॉवर मिळतात 5,900 आरपीएमच्या आसपास, आणि खडकावर तुझं इंजिन हजार-दीड हजारावर गुरगुरत असणार. तिथे काम गिअरचं असतं. तुझ्या एसएम-465 गिअरबॉक्सचा पहिला गिअर 6.55, एनपी-205 ट्रान्सफर केसचा लो 1.96, आणि एक्सलला 4.10 टाकलेस तर गुणाकार सुमारे 52. म्हणजे चाक एकदा फिरायला इंजिन बावन्न वेळा फिरतं. ही ताकद गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केसच्या रूपानं तुझ्या ट्रकात आधीच आहे, फुकट.

म्हणून माझं म्हणणं, जंकयार्डातलं 5.3 लिटरचं इंजिन घे. 1999 पासूनच्या सिल्व्हेराडो ट्रकांत ते ढिगानं बसवलेलं आहे. ब्लॉक बिडाचा, दणकट. 285 हॉर्सपॉवर तुला कमी वाटतात, पण तुझ्या ट्रकातल्या मूळ सहा सिलिंडरच्या 250 इंजिनाचे 1974 साली 100 होते. जवळजवळ तिप्पट झाले की! घेताना कॉम्प्रेशन तपास, ऑइल पॅन उतरव, फिल्टर कापून उघड आणि कागदाच्या घड्यांत धातूचा चुरा दिसतोय का ते उजेडात बघ. इंजिन जमिनीवर आहे तोवरच मागचं ऑइल सील, वॉटर पंप आणि इनटेकखालचे दोन नॉक सेन्सर बदलून टाक. त्या सेन्सरच्या खड्ड्यांत पाणी साचून ते गंजतात, आणि इंजिन बसल्यावर त्यांच्यासाठी अख्खा इनटेक काढावा लागतो.

आता ‘इतर’कडे येऊ. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात, ते इथे शब्दशः खरं आहे. जुन्या कार्ब्युरेटरला पाच-सहा पीएसआय इंधनदाब पुरायचा, या इंजिनाला 58 लागतो. म्हणजे नवा पंप आणि नव्या नळ्या आल्या. टाकीत आडपडदेही हवेत, नाहीतर चढावर पेट्रोल एका बाजूला जाईल आणि पंप हवा ओढेल. वायरिंग हार्नेस सुटसुटीत करून घ्यावा लागेल आणि कॉम्प्युटरमधली चोरीविरोधी यंत्रणा बंद करावी लागेल. क्रँकचं मागचं टोक जुन्या स्मॉल ब्लॉकपेक्षा सुमारे 10 मिलिमीटर आत असतं, त्यामुळे गिअरबॉक्स जोडायला वेगळं पायलट बुशिंग लागतं. इंजिन माउंट, एक्झॉस्ट आणि रेडिएटर आहेतच. रेडिएटरवर मात्र हात आखडू नकोस. चालीच्या वेगात समोरून वारा येत नाही, सगळी भिस्त पंख्यांवर असते.

माझी खरी काळजी मागच्या एक्सलची आहे. तुझा ‘ट्वेल्व्ह-बोल्ट’ सी-क्लिपचा आहे. त्यात चाकाला आत धरून ठेवते ती शाफ्टच्या आतल्या टोकावरची एक छोटी क्लिप. शाफ्ट मोडला की चाक, ड्रम आणि शाफ्टचा तुकडा एकत्र बाहेर सरकतात. 35 इंची टायर आणि तिप्पट ताकद देऊन त्या क्लिपवर विसंबून उतरणीला लागायचं, हे मला मान्य नाही. पाऊण टनी ट्रकाचा फुल-फ्लोटिंग ‘फोर्टीन-बोल्ट’ एक्सल शोध. त्यात शाफ्ट मोडला तरी चाक हबवर राहतं. मात्र त्याला आठ बोल्टची चाकं लागतात आणि तुझ्या पुढच्या एक्सलला सहाची. म्हणजे एकतर दोन स्टेपन्या बाळगायच्या, नाहीतर पुढेही पाऊण टनी ट्रकाचा, म्हणजे के-20 चा, एक्सल टाकायचा. एका निर्णयाला असे तीन खर्च चिकटतात, म्हणून हिशोब चाकापासून वर मांड. टायर, ब्रेक, एक्सल, कूलिंग, इंधन, वायरिंग. यातून उरेल त्यात इंजिन. आणि एकूण रकमेचा पाचवा हिस्सा कशालाही न लावता बाजूला ठेव. तो संपणार आहे, पण क्रेडिट कार्डावर व्याज भरण्यापेक्षा ते बरं.

एक बाब तुझ्या बाजूची आहे. तुझा ट्रक 1974 चा आहे, आणि कॅलिफोर्नियात 1975 पर्यंतच्या पेट्रोल गाड्यांना स्मॉग चेक नाही. ट्रक 1976 चा असता तर इंजिनाबरोबर त्याची सगळी प्रदूषण-नियंत्रण यंत्रणा बसवून स्मॉग रेफरीपुढे उभं राहावं लागलं असतं.

थँक्सगिव्हिंगला ताईकडे येतोय, तेव्हा ट्रकाखाली दोघं मिळून झोपू. तोवर एलएस-3 ची ऑर्डर देऊ नकोस. मागच्या डिफरन्शियलचं कव्हर काढ, ऑइल कसं निघालं ते बघ आणि गिअरच्या दातांचे फोटो पाठव. नवा गॅस्केट आधी आणून ठेव.

तुझा
मामा