अंगणातल्या हौदात नवे मासे : पहिल्या महिन्याचा खर्च

3-4 इंची कोई मासा आज साधारण 100 रुपयांच्या आसपास मिळतो, साधा गोल्डफिश त्याहून स्वस्त. मुलांसोबत कुर्ल्याच्या बाजारात गेलं की पाच-सहा मासे पिशवीत येतातच. पण मासे आणण्याआधी दोन-अडीच हजार रुपये बाजूला काढा आणि ते एका टबावर खर्च करा.

हे मी पोळल्यावर शिकले. सहा नवे गोल्डफिश आणून थेट हौदात सोडले होते. चौथ्या दिवशी त्यातला एक भिंतीला अंग घासू लागला. दुसऱ्या दिवशी त्याच्या शेपटीवर रवा चिकटावा तसे पांढरे ठिपके. दहा दिवसांत नवे गेलेच, पण पाच वर्षं जपलेले, माझी चाहूल लागली की काठाशी येणारे जुने मासेही गेले.

म्हणून नव्या माशांचा मुक्काम निदान तीन आठवडे वेगळ्या टबात. 100 ते 150 लिटरचा प्लास्टिकचा टब 600-800 रुपयांना, एअर पंप 400-500ला, स्पंज फिल्टर 200च्या आत. (हे सगळे भाव अंदाजे, दुकानागणिक फरक पडतो.) हा स्पंज मासे आणण्याआधी महिनाभर जुन्या हौदात बुडवून ठेवा. माशांच्या विष्ठेतून आणि कल्ल्यांतून अमोनिया पाण्यात उतरतो. तो पचवणारे जिवाणू स्पंजवर वस्ती करतात, आणि कोऱ्या स्पंजवर ती वस्ती जमायला चार ते सहा आठवडे लागतात. स्पंज धुताना हौदाच्याच पाण्यात पिळायचा; नळाखाली धरला तर क्लोरीनने जिवाणू मरतात.

त्याच क्लोरीनने माशांचे कल्लेही भाजतात. पावसाळ्यात सोसायटीच्या टाकीत टीसीएल पावडर पडते, तेव्हा तर फारच जपावं लागतं. पाणी उघड्यावर, पंप लावून एक दिवस ठेवा किंवा 100 लिटरला 1 ग्रॅम हायपो (सोडियम थायोसल्फेट) टाका. हायपोची 50 रुपयांची पुडी वर्षभर पुरते. बोअरिंगच्या पाण्यात क्लोरीन नसतो, पण प्राणवायू कमी असतो, म्हणून तेही पंप लावून खेळवून घ्यावं.

अमोनिया मोजायचं किट 700-800 रुपयांना पडतं. ते महाग वाटून लोक टाळतात आणि मग त्याहून जास्त पैसे निळ्या-पिवळ्या औषधांवर घालवतात. माझ्या मते सगळ्या यादीत अव्वल खरेदी हीच. आकडा शून्याच्या वर दिसला की खाणं बंद आणि पाव टब पाणी बदलायचं.

पिशवी घरी आली की बंदच ठेवून वीस मिनिटं टबात तरंगू द्या. मग वाटीवाटीने टबातलं पाणी पिशवीत घाला आणि शेवटी फक्त मासे टबात सोडा. पिशवीतलं पाणी झाडांना. पहिल्या दिवशी खाऊ देऊ नका; पुढे दोन-तीन मिनिटांत संपेल एवढाच द्या.

औषधांच्या कपाटात मी फक्त खडेमीठ ठेवते. लिटरला 3 ग्रॅम, म्हणजे 100 लिटरला 300 ग्रॅम, रोज 100 ग्रॅम असं तीन दिवसांत विरघळवून घालायचं. पाणी बदललं की बदललेल्या पाण्यापुरतंच मीठ पुन्हा. खर्च दहा रुपयांच्या आत. टबात पाणवनस्पती नकोत, आणि अमोनिया शोषायला झिओलाइटचे खडे टाकले असतील तर ते आधी काढा. मिठाच्या पाण्यात ते शोषलेला अमोनिया परत सोडतात.

पांढऱ्या ठिपक्यांचा परजीवी कातडीत रुतलेला असताना औषधाला दाद देत नाही. तो पाण्यात मोकळा पोहत असतानाच मरतो. त्याचं हे चक्र उन्हाळ्यातल्या कोमट पाण्यात चार-पाच दिवसांत फिरतं, थंडीत मात्र बरंच लांबतं. म्हणून ठिपके गेले तरी उपचार आणि टबातला मुक्काम लगेच संपवू नका. ठिपके फक्त कल्ल्यांच्या झाकणांवर आणि पुढच्या परांच्या कडेला, ओळीने असतील, तर तो बहुधा वयात आलेला नर गोल्डफिश. त्याला काहीही झालेलं नाही.

हौद नवा सिमेंटचा असेल तर चुना पाण्यात उतरतो. पाणी भरून, आठवडाभर ठेवून ओतून द्यायचं, असं तीन-चार वेळा. केळीच्या खुंटाचे तुकडे त्यात कुजवायची जुनी रीतही आहे; त्याला खर्च नाही, वासाची तयारी ठेवा.

महिन्याचा चालू खर्च मुख्यतः विजेचा. हौदाचा 35 वॉटचा पंप दिवसरात्र चालला तर महिन्याला सुमारे 25 युनिट, म्हणजे 200-250 रुपये. रात्री पंप बंद करून ही बचत करू नका. पाण्यात प्राणवायू सगळ्यात कमी असतो तो पहाटे, आणि उन्हाळ्यात आणखी कमी.

तीन आठवडे पार पडले की संध्याकाळी मासे हौदात हलवा, जाळीने उचलून नव्हे, तर पाण्यासकट भांड्यात घेऊन. जाळीने अंगावरचा बुळबुळीत थर खरवडला जातो. हौदावर 300 रुपयांची नायलॉनची जाळी ताणा. नवा कोई पहिले काही दिवस उड्या मारतो, आणि तारेवर बसलेल्या खंड्याला तो आपल्याआधी दिसतो.