जुने संगणक आणि संहितेचा पाठ : टंकबद्ध मराठी मजकुराच्या पाठचिकित्सेचा एक प्रश्न

महानुभाव पंथाचे ग्रंथ दीर्घकाळ सांकेतिक लिप्यांत बंदिस्त होते. पोथ्या उपलब्ध होत्या, परंतु सकळ लिपीची किल्ली पंथाबाहेरच्या वाचकाजवळ नव्हती. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे यांनी या लिपीचा उलगडा केला आणि प्राचीन मराठी गद्याच्या अभ्यासाला नवे दालन खुले झाले. प्रत सुरक्षित आहे, मात्र ती वाचण्याचे साधन हाती नाही, अशी अवस्था मराठी संहितेच्या वाट्याला पुन्हा आली आहे. या वेळी ती आपल्याच विभागांच्या कपाटांत, फ्लॉपी आणि सीडी यांच्या रूपाने पडून आहे.

१९९० नंतरच्या दशकात मराठी नियतकालिके, प्रबंध आणि संपादित ग्रंथ मोठ्या प्रमाणावर संगणकावर जुळवले गेले. श्रीलिपी, आकृती, सी-डॅकची आयएसएम ही नावे त्या काळातील प्रत्येक अक्षरजुळणीकाराला परिचित होती, आणि पृष्ठरचनेसाठी पेजमेकर हे सर्वमान्य साधन होते. या पद्धतीत टंकात जतन होत असे ते अक्षराचे दृश्य रूप, त्याची भाषिक ओळख नव्हे. रोमन अक्षरांसाठी राखलेल्या संकेतांकांवर देवनागरीचे तुकडे बसवलेले असत : कुठे अर्धा क, कुठे काना, कुठे रफार. कोणत्या अंकावर कोणता तुकडा, हे प्रत्येक उत्पादक आपल्यापुरते ठरवी. त्यामुळे टंकाशिवाय अशी संचिका उघडली तर रोमन अक्षरे आणि विरामचिन्हे यांची सरमिसळ दिसते. भारतीय मानक संस्थेने १९९१ मध्ये इस्की ही संकेतप्रणाली प्रमाणित केली होती, आणि त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीत देवनागरीला स्थान होते. छापखान्यांचा व्यवहार मात्र पुढे कित्येक वर्षे टंकांवरच चालला.

टंकाची संचिका हाती असली तर नव्या संगणकावरही अक्षरे पुष्कळदा दिसतात. खरी अडचण तिच्याभोवतीच्या साधनांची आहे. पेजमेकरची शेवटची आवृत्ती २००१ ची. पुढे इनडिझाइनमध्ये त्या संचिका उघडता येत, पण २०१२ च्या सीएस-६ नंतरच्या आवृत्त्यांत ती सोय राहिली नाही. सोळा-बिटी आज्ञावली चौसष्ट-बिटी विंडोजवर चालत नाहीत. अनेक मराठी प्रणाल्यांसोबत प्रिंटरच्या जोडणीत बसवायचे कुलूप, म्हणजे डोंगल, येत असे. ती जोडणी नव्या संगणकांवर सहसा नसते, आणि असली तरी कुलपाला ओळखणारी जुनी आज्ञावली नवी कार्यप्रणाली स्वीकारत नाही. म्हणून विंडोज ९८ किंवा एक्सपी असलेला एखादा संगणक अजूनही जपून ठेवलेला आढळतो. विंडोज ९८ चा आधार मायक्रोसॉफ्टने जुलै २००६ मध्ये आणि एक्सपीचा एप्रिल २०१४ मध्ये थांबवला. अशा यंत्राकडे भंगार म्हणून पाहण्याचा मोह प्रशासनाला होतो. संहितेच्या अभ्यासकाने तसे पाहू नये, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

‘मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करून घ्या आणि प्रश्न मिटवा’ असे उत्तर यावर दिले जाते. ते अपुरे आहे. रूपांतर हेही नक्कल करणेच आहे, आणि रूपांतरक आज्ञावली हा एक नवा लेखनिक आहे. प्रत्येक लेखनिकाप्रमाणे त्याचेही ठराविक प्रमाद असतात. ‘मार्मिक’ हा शब्द घेऊ. टंकात त्याचे तुकडे दिसतात त्या क्रमाने असतात : म, काना, पहिली वेलांटी, म, रफार, क. युनिकोडमध्ये क्रम उच्चारानुसार लागतो. अर्धा र आधी, मग म, मग वेलांटी. रूपांतरकाने वेलांटी मागे सारावी आणि रफार पुढे आणावा लागतो. येथे तो चुकला तर शब्द मोडतो, आणि तो मोडलेला वाचकाला ताबडतोब दिसतो. अशा चुकांचे भय नाही.

भय आहे ते अर्थपूर्ण चुकांचे. मराठीत ‘दर्या’ आणि ‘दऱ्या’ हे दोन भिन्न शब्द आहेत. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांतील भेद तर प्रत्येक शिक्षकाने वर्गात सांगितलेला असतो. जुन्या टंकांत या अर्ध्या र-साठी वेगळा तुकडा असे, त्यामुळे भेद स्पष्ट राही. युनिकोडमध्ये तो दोन प्रकारे लिहिला जातो : नुक्ता असलेल्या ऱ-ला हलन्त जोडून, किंवा साध्या र-ला हलन्त व त्यापुढे ‘झिरो विड्थ जॉइनर’ नावाचे अदृश्य सांधकचिन्ह जोडून. दोन्ही पडद्यावर सारखेच दिसतात; शोध घेताना मात्र एकाने दुसरा सापडेलच असे नाही. त्यातही एखाद्या आज्ञावलीने ‘निरुपयोगी’ म्हणून ते अदृश्य चिन्ह गाळले, की ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो. कवितेच्या ओळीत कोणी ‘दऱ्या ओलांडून’ येत असेल, तर तो आता दर्या ओलांडून येईल. ओळ निर्दोष वाटेल, आणि शब्दशुद्धी तपासणारी आज्ञावलीही काही हरकत घेणार नाही. पाठचिकित्सेचा जुना अनुभव हाच आहे की निरर्थक पाठापेक्षा सार्थ अपपाठ अधिक घातक असतो. पाचपन्नास वर्षांनी एखादा अभ्यासक त्याला कवीचा पाठभेद समजून त्यावर टीप लिहील!

(मोडी कागदांचे बाळबोध लिप्यंतर करताना याच्या उलट अडचण येते. तेथे ऱ्हस्व-दीर्घाचा भेद मुळातच नसतो आणि तो लिप्यंतरकाराला स्वतःच्या निर्णयाने घालावा लागतो. येथे मुळात असलेला भेद वाटेत हरवतो.)

म्हणून रूपांतरित मजकूर मूळ प्रतीशी शब्दशः ताडून पाहिल्याविना तिची जागा घेऊ शकत नाही. छापील अंक उपलब्ध असेल तर तो ताडण्यासाठी वापरावा. पण अप्रकाशित प्रबंध, संपादकाने गाळलेली टिपणे, छपाईपूर्वीचा खर्डा यांना छापील पुरावा नसतो. तेथे मूळ संचिका मूळ टंकात, मूळ आज्ञावलीत उघडून पाहणे हाच मार्ग उरतो, आणि त्यासाठी ते जुने यंत्र लागते. त्या यंत्रावरून पीडीएफ काढून ठेवणे अर्थातच उपयुक्त. टंक आत बसवलेला असल्याने ओव्यांची चरणविभागणी, तळटिपांची जागा, सर्व जसेच्या तसे दिसते. मात्र ती छायाप्रत होय. तिच्यातील मजकूर उचलला तर हाती पुन्हा रोमन सरमिसळच येते.

यंत्र जपताना त्याचे धोकेही ओळखले पाहिजेत. मे २०१७ मध्ये ‘वॉनाक्राय’ हा खंडणीखोर विषाणू जगभर पसरला, तेव्हा आधार थांबवून तीन वर्षे झालेल्या एक्सपीसाठीही मायक्रोसॉफ्टला दुरुस्ती द्यावी लागली. असा संगणक इंटरनेटला आणि विभागाच्या जाळ्याला जोडू नये. त्यातून बाहेर काढलेली प्रत्येक संचिका आधी विषाणूंसाठी तपासावी, मगच दुसऱ्या यंत्रावर उघडावी. चकती केव्हाही बंद पडू शकते. म्हणून तिची संपूर्ण प्रतिमा आताच काढून नव्या संगणकातील आभासी यंत्रावर ती चालते का, हे पाहून घ्यावे. डोंगलची प्रणाली असेल तर हा उपाय बहुधा तेथेच अडतो आणि मूळ यंत्राला पर्याय राहत नाही.

यापुढे १९९० च्या दशकातील मजकुराचे संपादन करणाऱ्याने आपल्या प्रस्तावनेत, हस्तलिखित प्रतींचे वर्णन देतो त्याच काटेकोरपणे, संचिका कोणत्या टंकात होती, कोणत्या आज्ञावलीच्या कोणत्या आवृत्तीत उघडली, रूपांतर कशाने केले आणि अर्धा र दोहोंपैकी कोणत्या पद्धतीने लिहिला, याची नोंद द्यावी. टंकाची संचिका आणि तिच्या संकेतांकांचा तक्ताही मूळ संचिकेसोबतच ठेवावा.