माझा आवडता प्राणी कुत्रा : त्याच्या ताटात किती वाढायचं?



'माझा आवडता प्राणी' या निबंधात हिंगणघाटच्या एका मुलानं लिहिलं होतं, "मी मोतीला रोज बिस्किटं देतो, कारण तो माझा लाडका आहे." निबंध छान होता. पण मोती इतका जाड झाला होता, की जिना चढताना धापा टाकायचा. आपल्या लाडानंच आपला कुत्रा आजारी पडू शकतो, हे मुलांना कुणीतरी सांगायला हवं ना? म्हणून हा पाठ.

1. आधी वजन
कुत्रा काट्यावर स्थिर उभा राहत नाही. आधी एकट्यानं वजन करा, मग त्याला उचलून घेऊन करा. वजाबाकी केली की कुत्र्याचं वजन मिळतं. कुत्रा मोठा असेल तर हे काम पालकांनी करावं.

2. मग गरज
समजा वजन 10 किलो आहे. कॅल्क्युलेटरवर 10 × 10 × 10 = 1000 करा. वर्गमुळाचं बटण दोनदा दाबा, साधारण 5.62 येईल. त्याला 70 ने गुणा, 394 येतील. नसबंदी झालेल्या प्रौढ कुत्र्यासाठी हे 1.6 ने गुणायचं, म्हणजे दिवसाला सुमारे 630 किलोकॅलरी. नसबंदी झाली नसेल तर 1.8 ने गुणा.

आता मुलांना विचारा, 20 किलोच्या कुत्र्याला किती? वर्ग एका सुरात म्हणेल, "दुप्पट, 1260!" हिशेब करून बघा, उत्तर सुमारे 1060 येतं. वजन दुप्पट झालं तरी गरज दुप्पट होत नाही. समप्रमाण कुठे लागू होत नाही, हे शिकवायला याहून चांगलं उदाहरण कोणतं?

3. बिस्किटांचा हिशेब
एका लहान ग्लुकोज बिस्किटात साधारण 20 किलोकॅलरी असतात. दहा बिस्किटं म्हणजे 200, दिवसाच्या गरजेचा जवळजवळ तिसरा हिस्सा! वरचा खाऊ एकूण गरजेच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा जास्त नको. म्हणजे 10 किलोच्या मोतीला फार तर तीन बिस्किटं, आणि तेवढं जेवण कमी.

4. काय द्यायचं, काय नाही
नुसती दूध-पोळी पुरत नाही. बऱ्याच मोठ्या कुत्र्यांना दूध पचतही नाही. भाताबरोबर उकडलेलं अंडं किंवा बिनहाडाचं चिकन द्या. मीठ-मसाला नको. रोजचं जेवण घरचंच असेल तर कॅल्शियम आणि जीवनसत्त्वांसाठी पशुवैद्यकांना विचारा. विकतचं खाद्य असेल तर पुड्यावरच्या कॅलरी वाचा आणि वाटीनं मोजून वाढा. खाद्य बदलायचं असेल तर आठवडाभरात हळूहळू बदला.

आपला झणझणीत रस्सा त्याच्या ताटात कधीच नको. कांदा-लसणानं त्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात, आणि शिजवल्यानं हा धोका जात नाही. द्राक्षं आणि किसमिस मूत्रपिंड निकामी करू शकतात. चॉकलेट विषारी आहे. शिजवलेलं हाड फुटून टोकदार होतं आणि घशात किंवा आतड्यात अडकतं. यातलं काही त्यानं खाल्लं तर वाट बघू नका, लगेच दवाखाना गाठा.

5. केव्हा द्यायचं
प्रौढ कुत्र्याला दोन वेळा, लहान पिल्लाला तीन-चार वेळा. आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या घरात जातो, तेव्हा सकाळी लवकर आणि ऊन उतरल्यावर द्या. उरलेलं ताटात ठेवू नका, आंबतं. पाणी मात्र दिवसभर सावलीत भरलेलं असू द्या.

घरचा अभ्यास
दर पंधरा दिवसांनी कुत्र्याच्या बरगड्यांवरून अलगद हात फिरवा. बरगड्या हाताला लागल्या, पण दुरून उठून दिसल्या नाहीत, तर माप बरोबर. दाबूनही लागत नसतील तर जेवण थोडं कमी करा. दुरूनच मोजता येत असतील तर वाढवा. सूत्रानं आलेला आकडा ही फक्त सुरुवात आहे, शेवटचं उत्तर कुत्र्याचं अंगच देतं.

वजन, माप आणि तारीख वहीत लिहायला लावा. पुढच्या वेळी तोच निबंध दिला, तर मुलं लिहितील, "मी मोतीला मोजून जेवायला देतो, कारण तो माझा लाडका आहे."